न आलेल्या बाया

घरात त्या दिवशी बायाच बाया झाल्या होत्या आन् माहा थोरला पोरगा नागोराव एकटा गडी, म्हणून त्याले जेवण गोड लागत नव्हतं. इंद्रजित बी होता, पण माह्या या धाकट्या पोराले मी गड्यात धरणं सोडून देलं होतं. थो भिताडाले टेकून बसला होता. ताटातल्या भाकरीकडे असा पाहे, जशी भाकर उठून त्याच्यावर भुंकन.

दुसऱ्या दिवशी गावात मतदान होतं. आमदाराचं नाही, खासदाराचं नाही, बाटलीचं. धाकटी सून प्रियंका, इंद्रजितची बायको, त्याच्या सह्यांसाठी गावभर हिंडली आन् कोणाकोणाच्या शिव्या खाल्ल्या, थे सांगत बसली तं रात सरन. आता सरकारनं तारीख देली होती. कागदावर दोन चित्रं राहीन, एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तं दारूचं दुकान राहीन, आडवीवर मारला तं बंद. आन् मत फक्त बायायले. हा कायदा कोण्या शहाण्यानं केला माहीत नाही, पण त्याची बायको जबर असन.

लायसन दिग्रसच्या शेठचं, पण खोली आमची. सडकेच्या कडेची, नागोरावच्या वाट्याची. कापूस कधी बोंडअळीनं खाल्ला, कधी बाजारभावानं खाल्ला, पण त्या खोलीचं भाडं कोण्या अळीनं खाल्लं नाही. त्यावरच त्याच्या पोरीचं, पायलचं लग्न झालं, त्यावरच नागोराव ग्रामपंचायतीत मेंबर झाला. दारू तं अशी कडक, की एका कावळ्यानं त्या दुकानामागच्या नालीत चोच घातली आन् इथून दिग्रसपर्यंत उलटा उडत गेला. तिथी जिनिंगमधी रुईच्या ढिगावर पडला तं हमालायनं त्याले कापसासंगं गठाणीत दाबला. आता मुंबईत कोण्या साहेबाच्या गादीत घोरत असन.

माहा इंद्रजित कावळ्याइतका नशीबवान नव्हता. त्याचं लिव्हर यवतमाळच्या डाक्टरनं पाह्यलं होतं. म्हणे, आता थेंबही नाही. आन् दुकान घरापासून एवढ्या जवय, की सकायी शटर वाजलं का याचे पाय आपोआप जमिनीले लागत.

"जय भीम, आजी!" दारातून पायल आली, काखेत लेकरू, हातात पिशवी. बाभुळगावहून दोन बसा बदलून आली होती पोट्टी.

नागोरावनं घास खाली ठेवला. "तू कायले आली वं?"

"मत टाकाले."

"पोरगं झालं तरी नाव इथंच?"

"तिकडं कोण चढवते बाबा? राशन कारडात नाव नाई, यादीत नाव नाई. सासू म्हणते, घाई काय हाय. पोरगं त्याहिचं, मी पाहुणी."

"विधानसभेले तं आली नाई."

"तवा कोणी बलावलं नाई. आता काकूनं बलावलं."

काकू म्हणजे प्रियंका. ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती, डोक्यावर पदर. नागोराव तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्याच्या तोंडाले तोंड देत नाही. त्याच्याशी बोलाचं असलं तं मले मधात घेते. लग्न होऊन आली तवापासून त्या दोघायचं सारं भांडण माह्याच कानातून गेलं, म्हणून तं मी बहिरी झाली.

"आत्याबाई," प्रियंका तव्याकडे पाहूनच म्हणाली, "त्याहिले सांगा, आलेल्या बायायतून निम्म्या पुरत नाई. गावातल्या यादीतल्या साऱ्या बायायतून निम्म्यायनं आडवीवर मारलं पायजे. जे आली नाई, थे उभीचीच."

"म्हणजे गंगूबाई?" मी इचारलं. "तिले मरून किती पोळे झाले."

"नाव हाय अजून. थे बी उभीलेच गेली."

"पाय बाप्पा! जिती होती तवा नवरा पिऊन तिले बदडे. आता मरून बी बाटलीलेच मत!"

पायल हसली. बाकी कोणी हसलं नाही. प्रियंका हिशोब मांडत होती, थो काही हसायचा नव्हता. म्हाताऱ्या बाया शाळेपर्यंत चालू शकत नाही. तरण्या पोरी लग्न होऊन दूर गेल्या, नावं इथंच राह्यली. नवीन सुना आल्या, त्यायची नावं चढली नाही. तांड्यातल्या बाया कोयते घेऊन ऊसतोडीले गेल्या. राह्यल्या त्या मधल्या वयाच्या, आन् वेचणीच्या दिवसात त्या सकायपासून वावरात.

आन् वावरातल्या बाया म्हणजे कांता.

कांता माही थोरली सून, नागोरावची बायको. कापूस वेचणाऱ्या बायायची टोळी तिची. सकायी ती गल्लीतून "चला वं बायाहो" म्हणत निघाली का दारं उघडत. कोण्या वावरात जायचं, भाव काय, पोरगं संगं आणायचं का नाही, सारं कांता ठरवे. गावात मेंबर नागोराव होता, पण चाले कांताचं.

"जाऊबाई," प्रियंकानं मागं वळून पाह्यलं, "टोळी येईन ना?"

"येईन ना वं. काहून नाई येईन?" कांता पोळीवर तेल लावत होती. "पयले मत, मग वावर."

तवा नागोराव हात धुता धुता म्हणाला, "नदीपलीकडच्या पाटलानं बलावलं हाय उद्या. त्याचा कापूस फुटून पडून राह्यला. म्हणते, दवात वेचा, मी काई बोलत नाई."

हे समजून घ्या बाप्पा. वेचणी किलोवर असते. दवातला कापूस ओला, ओला म्हणजे जड. एरवी मालक सकायी वावराच्या धुऱ्यावर छडी घेऊन उभा राहते, ऊन चढल्याबिगर बोंडाले हात लावू देत नाही. आन् हा पाटील म्हणते, दवात या! अशी बात तं बायायले सपनात बी पडत नाही.

"मग मत?" पायलनं इचारलं.

"मत पाच वाजेपर्यंत हाय. मी मेटाडोर लावतो, सकायी नेईन, दुपारी परत आणीन."

"आत्याबाई, त्याहिले इचारा," प्रियंकाचा आवाज बारीक झाला, "गाडी नक्की येईन का?"

"सांग तिले," नागोराव माह्याकडे पाहून म्हणाला, "जेवणाच्या वखताले गाडी बांधावर उभी राहीन. माही जबान हाय."

"आत्याबाई, त्याहिले म्हणा, गाडीच नोको. बाया सकायी मत टाकून पायी जातीन."

कांतानं पोळी तव्यावरून अशी उतरवली का तवा हालला. "काहून वं? माह्या नवऱ्याच्या जबानीवर तुहा भरोसा नाई?"

"तसं नाई जाऊबाई."

"मंग कसं? त्याच खोलीच्या भाड्यानं तुह्या बी घरात पीठ येते. इंद्रजित भौले यवतमाळले कोणी नेलं? गाडी कोणी केली?"

"गाडी तुमीच केली. पाजली बी तुमच्याच खोलीत."

"त्याच्या घशात मी ओतली का?"

"आई, बस ना," पायल म्हणाली.

"तू चूप बैस! दोन दिवसाची पाहुणी, तुले काय माहीत? दवातला कापूस सोडला तं टोळी मले उद्यापासून मोजन का? घरोघरी लेकरं हायत त्यायच्या." कांता उठली. "टोळी जाईन. आन् येईन बी. कांतानं सांगलं म्हणजे येईन."

तवा भिताडापासून इंद्रजित बोलला. त्याचा आवाज आता असा झाला होता जसं कोणी रिकामा पिपा ओढत नेते.

"मले मत असतं ना माय, तं मी आडवीलेच देलं असतं."

नागोराव हसला. "तुले कोण धरून नेते रे तिथी? नोको जाऊ."

"माह्यानं होत नाई दादा. मी खोटं काहून बोलू? दुकान उघडं असलं का मी जातो. बंद असलं तं कसं जाईन?" त्यानं प्रियंकाकडे पाह्यलं. "बंद करून टाक वं. काई बी कर."

प्रियंकानं त्याच्याकडे पाह्यलं नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, बस.

सकायी टोळी गेली. मेटाडोरमधी बाया मागं उभ्या होत्या, कमरेले वेचणीचे फडके बांधून, हसत, एकमेकीले ढकलत. दव एवढं होतं का त्यायच्या लुगड्याचे काठ गाडीत बसायच्या आधीच ओले झाले. कांतानं जातानी प्रियंकाच्या दारापाशी गाडी थांबवली. "येतो वं दुपारी," असं म्हणाली. कालचं भांडण ती मिटवत होती, तिच्या तऱ्हेनं. प्रियंकानं मान हालवली.

मी रहमतबीसंगं गेली. रहमतबी माही लहानपणची नसली तरी म्हातारपणची मैतरीण. ॲटोत आम्ही दोघी, मागं तिच्या सुना बुरखे घालून पायी.

"तुमच्या घरी तं कोणी पीत नाही," मी म्हटलं.

"अल्ला का करम. लेकिन वो नाली हमारेच दरवाजे से बहती ना," ती म्हणाली. "और बोतलां मेरे आंगन में फेकते. बहू का पांव कटा पिछले साल."

रांगेत मी तिले माह्या सासूची गोठ सांगतली. पयल्या इलेक्शनात माह्या सासूनं मत टाकलं आन् पेटीपाशीच उभी राह्यली. म्हणे, पावती द्या. साहेब म्हणे, बाई, मताची पावती राहत नाही. बुढी म्हणे, मंग मी काय टाकलं अन् कोणाले टाकलं, उद्या तुमी नाई म्हटलं तं? आन् पेटीच काखेत मारून घराकडे निघाली. पुलीस मागं, पुलीसाच्या मागं कुत्रे. पेटी तिनं कोंबड्यायच्या खुराड्यात लपवली, आन् मोजणीच्या दिवशी पेटी खोलली तं मतं कमी आन् अंडे जास्त.

रांगेतल्या बाया खो खो हसल्या. शिपाई म्हणाला, "आजी, हळू." मी आत गेली. आडव्या बाटलीवर एवढ्या जोरानं शिक्का मारला का टेबल हालला.

बाहेर शाळेच्या भिताडाले लिंब होता. तिथी इंद्रजित बसला होता. मतदानाच्या दिवशी दुकान बंद ठेवा लागते, म्हणून आज शटर खाली. त्याचे हात मांडीत दाबलेले, तरी थरथरत. थंडीत बी कपायावर घाम.

"घरी जा ना रे," मी म्हटलं.

"बसू दे माय. पाहू दे." थो फाटकाकडे पाहे. एक बाई आत गेली का त्याचे ओठ हालत. "ह्या बायायले माहीत नाई, त्या माह्यासाठी मत टाकून राह्यल्या. मी कोणासाठी कधी काई केलं नाई, तरी."

"टोळी येईन आता," मी म्हटलं.

"कांतावहिनी येईन. तिची बात पक्की राहते."

आता पलीकडच्या वावरात काय झालं, थे मी तिथी नसून बी सांगतो, कारण कांतानं नंतर जे सांगलं थे तिच्या तोंडून निघालं तसं माह्या अंगात शिरलं. त्यात मी मीठ-मिरची लावली नाही. लावायले जागाच नव्हती.

दवात बाया अशा वेचत होत्या का वावर पांढऱ्याचं काळं होत गेलं. ओट्या भरल्या, गठोडे बांधले. जेवणाचा वखत झाला. बाया बांधावर बसल्या, भाकरी सोडल्या. गाडी नाही. कांता म्हणे, येईन. ऊन कललं. एक जण म्हणे, "कांते, मेटाडोर कोण्या बाजूनं येईन?" कांतानं हातानं दाखवलं. त्या बाजूले कुत्रं बी नव्हतं. पाटलाच्या माणसाले इचारलं. तो म्हणे, "मले तं संध्याकायी काट्यावर वजन करून सोडा म्हटलं हाय."

तवा कांताले समजलं, गाडी येणारच नव्हती. ती काही रडली नाही. उठून फडकं सोडलं, त्यातला कापूस तिथीच सांडला आन् म्हणाली, "उठा वं. पायी."

"आन् आमचा कापूस? काटा?"

"पडू द्या."

"तू म्हणतं का पडू द्या! दवात आणलं कोणं आम्हाले?"

अर्ध्या बाया उठल्या, अर्ध्या नाही. दिवसभराची मजुरी वजन न करता कोण टाकून जाते? गठोड्यापाशीच बसून राह्यल्या त्या. ज्या आल्या त्या कांतासंगं नदीतून आल्या, गुडघ्याइतकं पाणी, चपला हातात. अरुणावती ओलांडून, शिवार ओलांडून, धापा टाकत. रस्त्यात एक म्हातारी बसली तं कांतानं तिले पाठीवर घेतलं.

शाळेचं फाटक लागलं होतं.

हे मी डोळ्यानं पाह्यलं. मतदानाचा साहेब चांगला होता, तरणा. म्हणाला, "बाई, पाचला ज्या रांगेत होत्या, त्यांना चिठ्ठी दिली. आता नाही घेता येत."

"साहेब, माह्या बाया हायत. पाहा, चालत आल्या."

"मी पाहतो आहे. पण नाही."

कांता फाटकाले धरून उभी राह्यली. तिचं लुगडं कमरेपर्यंत ओलं. मंग तिनं फाटकातून हात आत घातला. डावा हात, बोट पुढं.

"मंग बोटाले शाई तरी लावा जी."

"अहो, मत न टाकता शाई कशी लावू?"

"मत नोको. नुसती शाई. घरी माही जाऊ हाय. तिनं बोट पाह्यलं तं…"

साहेबानं खाली पाह्यलं. बोट तसंच फाटकातून आत राह्यलं, बराच वेळ. मीच जाऊन तिचा हात बाहेर ओढला. इंद्रजित लिंबाखाली उठून उभा राह्यला होता. लिंबाले एक हात लावून उभा होता, बस.

मोजणी तिथीच झाली. टाकलेल्या मतात आडवी बाटली उभीच्या कितीतरी पुढं. उभीले मूठभर बी नाही. बायायनं टाळ्या वाजवल्या, रहमतबीच्या सुनायनं बी. मंग साहेबानं यादीतलं सारं सांगतलं. निम्म्याले थोड्या कमी पडल्या. जेवढ्या कमी पडल्या, त्याहून जास्त बाया एकट्या कांताच्या टोळीत होत्या. आन् वर्षभर दुसरं मतदान नाही.

जिंकून हरणं म्हणजे काय, थे त्या दिवशी पाह्यलं. टाळ्या वाजवलेले हात कुठं ठेवावं, थे बायायले समजत नव्हतं.

घरी नागोराव ओट्यावर बसला होता. प्रियंका सडकेवरून सरळ त्याच्या समोर येऊन उभी राह्यली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला, तिनं थो उचलला नाही. मी मधात जायले निघाली, तिनं मले हातानं मागं सारलं.

"भासरेबुवा, गाडी काहून नाई आली?"

नागोराव माह्याकडे पाहू लागला. "माय, हिले सांग—"

"मायले नाई. मले सांगा."

"बिघडली असन."

"मेटाडोर दिवसभर तुमच्याच खोलीमागं उभा होता," पायल आतून म्हणाली. "मी पाह्यला. मले वाटलं, जाऊन आला."

नागोरावनं उपरणं झटकलं. "मी काय केलं? कोणाचा हात धरला? कोण्या बाईले नोको जाऊ म्हटलं? एक गाडी पाठवली नाई, इतकंच. आन् कायले पाठवू? खोली बंद झाली तं खाणार काय तुमी? प्रियंकाचं भाषण?"

कांता दारात उभी होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं, म्हणून तीच पुढं आली आन् प्रियंकासमोर हात धरला, कोरं बोट वर. "पाय. नाई टाकलं मी."

प्रियंकानं पाह्यलं. "दिसलं," म्हणाली. अजून काही म्हणाली असती तं बरं होतं. भांडली असती, केस ओढले असते, तं कांताले झोप लागली असती.

पायलनं त्याच सांजेले पिशवी भरली. "बाबा, मी सासरी नाव चढवून घेतो. इथलं कटवा. लागन तं भांडीन, पण तिकडंच."

"एवढ्यावरून?"

"नाई बाबा. एवढ्यावरूनच नाई," असं म्हणून ती लेकरू काखेत मारून शेवटच्या बसले गेली.

सकायी कांता रोजच्यासारखी गल्लीतून निघाली, "चला वं बायाहो." एक दार उघडलं नाही. आतून भांड्यायचा आवाज येत होता, लेकरायचा येत होता. दारं बंद. तिनं रामीबाईच्या दाराची कडी वाजवली तं आतून आवाज आला, "आज जमत नाई." कांता गल्लीच्या टोकापर्यंत गेली आन् सडकेवर थांबली. तिथून खोली दिसे.

मतदानासाठी खोलीले कुलूप होतं, चावी नागोरावपाशी. शेठचा माणूस दिग्रसहून यायचा होता. नागोराव चावी घेऊन आला तं पायरीवर इंद्रजित बसला होता. रात्रभर झोपला नव्हता. काल दिवसभर थेंब नाही, रात्रभर नाही. अंग थरथरत होतं, पण डोळे असे साफ होते का मले त्याच्या लहानपणचे आठवले. प्रियंका मागंच होती, माह्यासंगं, थोडी दूर. ओढत नव्हती त्याले. तिनं रात्रभर ओढून पाह्यलं होतं.

नागोरावचा हात कुलुपापाशी थांबला.

"आज घरी जा रे," थो म्हणाला. "मी सांगतो शेठच्या माणसाले, तुले देऊ नोको म्हणून."

"त्याले काहून सांगतं? तूच नोको उघडू."

नागोरावनं चावी कुलुपात घातली, पण फिरवली नाही.

"उघड ना दादा. थांबला कायले? जिंकला ना तू."

नागोरावनं सडकेकडे पाह्यलं. तिथी कांता उभी होती, कमरेले रिकामं फडकं बांधून. त्यानं मले पाह्यलं, प्रियंकाले पाह्यलं. मंग चावी फिरवली आन् शटर अर्धंच वर केलं. इंद्रजित वाकून आत गेला.